मुक्कामाची जागा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आर्किटेक्ट म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर एखादी उंच इमारत येते, नाहीतर बंगला. नातेवाइकांना तर फक्त बंगलाच दिसतो. मीही आर्किटेक्ट आहे; पण माझ्या आवडत्या कामांची यादी सांगितली, तर ती कुणा गवंड्याची आणि शिंप्याची मिळून केलेली वाटेल. पाण्याचा एक हौद. कमरेपेक्षा थोड्या उंच तीन भिंती, वर छप्पर नाही. कोकरं घोड्यावरून न्यायची एक झोळी. आणि एक घर, ज्याचा कर्ता माणूस वर्षातले सात-आठ महिने तिथे राहतच नाही. ‘याला आर्किटेक्ट कशाला लागतो?’ असं मला इतक्यांदा विचारलं गेलं आहे, की आज मिळालेल्या पंधरा मिनिटांत त्याचंच उत्तर द्यावं म्हणते.

ही सगळी कामं धनगरांसाठीची. धनगर म्हटलं तरी सगळे सारखे नव्हेत. सह्याद्रीच्या माथ्यावर म्हशी राखणारे गवळी धनगर बहुतांशी एका जागी राहतात. मी बोलणार आहे ती मेंढपाळांविषयी. माण, खटाव, फलटण, पारनेर अशा कमी पावसाच्या तालुक्यांतून ही मंडळी दसरा-दिवाळीच्या सुमाराला मेंढरं घेऊन बाहेर पडतात. काही जण बागायती पट्ट्यात फिरतात, काही घाट उतरून रायगड-ठाण्याच्या भातखाचरांपर्यंत जातात. पाऊस तोंडावर आला की परतायचं, कारण कोकणच्या चिखलात मेंढीची खुरं सडतात. एकत्र चालणारी काही कुटुंबं, त्यांचे कळप, घोडी, कुत्री, कोंबड्या या साऱ्यांना मिळून ते ‘वाडा’ म्हणतात. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात आम्ही वाडे पुष्कळ शिकलो, पण ते चौकाचे आणि दिंडीदरवाजाचे. या चालत्या वाड्याबद्दल पुस्तकात एक ओळही नव्हती. माझ्या प्रबंधाचा विषय तिथेच ठरला.

अंतिम वर्षाच्या हिवाळ्यात मी टेप, वही आणि होकायंत्र घेऊन एका वाड्याबरोबर हिंडायला लागले. मुलगी असल्याचा फायदा झाला. मुक्काम हलवण्याचं काम सगळं बायकांचं. पुरुष मेंढरं घेऊन चारणीच्या आडवळणाच्या वाटेने जातात. बायका घोड्यांवर बिऱ्हाड लादून थेट पुढच्या जागी पोचतात आणि संध्याकाळी कळप येईपर्यंत सगळं मांडून ठेवतात. लॅबेल प्रुसिन या अभ्यासिकेने १९९५ साली आफ्रिकेतल्या भटक्या जमातींच्या वास्तुकलेवर एक पुस्तक लिहिलं. त्यात तंबू बांधणारी, सोडणारी आणि त्याची मालकीण बाईच असते, हे तिने दाखवलं आहे. सहारातल्या तुआरेग लोकांत तर तंबूचा आणि लग्नाचा शब्द एकच. ते पुस्तक मी वाचनालयात बसून वाचलं होतं. इथे माझ्यासमोर नऊवारी कासोटा मारलेली एक आजी टाचेने जमीन चाचपत उतार बघत होती. तिच्याकडून मी जागेची निवड शिकले. पाणी कुठून वाहील, वारा कुठून येईल, कुत्री कुठल्या बाजूला बसतील, रस्त्यावरच्या गाडीचा उजेड मेंढरांच्या डोळ्यांवर येईल का, हे सगळं तिने घोड्यावरचं ओझं उतरायच्या आत ठरवलं होतं.

मग तिने जागा झाडली. तीन दगड मांडून चूल केली. चुलीच्या एका अंगाला अंथरुणं-भांडी, दुसऱ्या अंगाला डालग्याखाली कोंबड्या. लहान कोकरांना वेगळा कोपरा. मेंढरांसाठी खुंट्या ठोकून भोवती वाघर, म्हणजे दोरीची जाळी. झालं घर. पाल होतं, पण ते गुंडाळलेलंच राहिलं. पावसाची भीती नसेल तर दिवाळीनंतरच्या बहुतेक रात्री ही माणसं उघड्यावरच झोपतात. अंगावर घोंगडी. ती घोंगडीही बघण्यासारखी असते. दख्खनी मेंढीची राठ लोकर, विणणारे सणगर, आणि विणून झाल्यावर तिला चिंचोक्याची खळ. तिची खोळ केली की पावसातला कोट होतो, पसरली की अंथरूण, बांधली की गाठोडं.

आम्हाला घर शिकवलं जातं ते छपरापासून. पाया, भिंती सगळं त्या छपरासाठी. इथे छप्पर सर्वांत शेवटी येत होतं, आणि बहुतेक रात्री येतच नव्हतं. कळप, चूल, मुलं आणि सामान यांच्यामधली अंतरं हेच त्यांचं घर होतं आणि ती अंतरं रोज नव्या शेतात तशीच्या तशी उमटत होती. माझ्या वहीतले लागोपाठचे नकाशे एकमेकांवर ठेवले तर जमीन बदलायची, घर नाही.

या विषयावर काम करणारे पुष्कळ विद्यार्थी तंबू डिझाइन करतात. ‘भटक्या जीवनापासून प्रेरणा’ असं शीर्षक असलेल्या स्पर्धाही निघतात आणि त्यांत अॅल्युमिनियमच्या नळ्यांचे, छत्रीसारखे उघडणारे फार देखणे प्रकार येतात. मला ते बघायला आवडतात. पण घोड्याच्या पाठीवर बसत नाही आणि मोडलं तर आठवडी बाजारात दुरुस्त होत नाही, ते घर मेंढपाळाच्या काय कामाचं? मंगोलियातलं गोल ‘गेर’ घ्या. लाकडी जाळीच्या भिंती, वरती धुराड्याचं चक्र आणि भोवती मेंढीच्या लोकरीचा नमदा. काही तासांत उभं राहतं आणि उतरवता येतं. युनेस्कोने २०१३ साली ते बांधण्याच्या कलेला मानवतेच्या वारशाच्या यादीत घेतलं. पण ते तिथल्या हाडं गोठवणाऱ्या थंडीसाठी आहे. माणदेशातल्या माणसाने रोज ते कशाला उभारावं? आमच्या धनगरांचं पाल त्यांच्या गरजेपुरतं नेमकं आहे. त्यात सुधारणा करायची नाही, हे मी पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं होतं.

मग उरतं काय? वाड्यातल्या एका वडीलधाऱ्या माणसाला मी विचारलं, तर तो म्हणाला, “आमाला बसाय जागा द्या. बाकी आमचं आमी बगतो.”

त्या बोलण्यात किती भरलं आहे ते सांगते. मेंढपाळ आणि शेतकरी यांचा व्यवहार फार जुना आहे. पीक निघालं की शेतकरी रानात मेंढरं बसवतो. रात्रभराच्या लेंडी-मुताने जमीन सुधारते, त्याबद्दल तो धान्य देतो, अलीकडे पैसेही देतो. म्हणजे मुक्काम ही दोघांची गरज होती. आता एका पिकामागून लगेच दुसरं उभं राहतं, ऊस तर वर्षभर रान अडवतो. गायरानांवर अतिक्रमणं झाली. माळावर प्लॉट पडले आणि तारेची कुंपणं आली. पूर्वी दिवसभराच्या चालीवर मुक्काम मिळायचा, तिथे आता दोन-दोन दिवस चालावं लागतं. पाणवठा गावाच्या आत, आणि गावाच्या आत कळप नको. अशा वेळी मिळेल त्या उघड्या माळावर रात्र काढायची.

उघड्या माळावरच्या रात्री काय होऊ शकतं, हे २०२१च्या डिसेंबरमध्ये दिसलं. महिन्याच्या पहिल्या दोन दिवसांत अवकाळी पाऊस झाला, त्यावर गार वारं सुटलं, आणि पुणे व तेव्हाच्या नगर जिल्ह्यात मेंढ्या-शेळ्या मोठ्या संख्येने दगावल्या. मेंढी थंडी सोसते. पण लोकर भिजली, त्यात वारा लागला आणि आडोसा नसला तर तिला ते सोसत नाही. त्या बातम्या आल्या तेव्हा माझा प्रबंध होऊन गेला होता. त्यात मी काढलेल्या तीन भिंती नेमक्या अशाच रात्रीसाठी होत्या.

त्या भिंतींबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण माझा जीव त्यांच्यातच आहे.

नीरा-लोणंद-फलटणच्या बाजूला साधारण एका दिवसाच्या चालीच्या अंतरावर मुक्कामाच्या जागांची एक साखळी मी कागदावर मांडली होती. प्रत्येक जागी तेच चार घटक. पहिला, पाण्याचा हौद, मेंढीच्या तोंडाच्या उंचीचा. दुसरा, झाडाखाली एक ओटा. तिसरा, मेंढ्यांना औषधाच्या पाण्यातून काढायची अरुंद चर. शेजारच्या रानात औषध जाऊ नये म्हणून तिच्या पाण्याचा निचरा वेगळा. आणि चौथ्या या भिंती. तिन्ही भिंती मध्ये एका ठिकाणी मिळतात आणि तीन दिशांना जातात, पंख्याच्या पात्यांसारख्या. वारा कुठूनही येवो, एक तरी कोपरा त्याच्या पाठीमागे राहतो. यात माझं डोकं फार नाही. स्कॉटलंडच्या डोंगरांत मेंढ्यांसाठी गोल आणि फुलीच्या आकाराचे दगडी आडोसे पूर्वीपासून बांधत. मी फुलीची एक बाजू कमी केली, कारण दगड वाहून आणायचा खर्च होता.

भिंत चार फूट उंच आणि सुकी, म्हणजे चुना-सिमेंट न घालता रचलेली. फटी मुद्दाम ठेवलेल्या. सलग भिंतीवर वारा आपटला की वरून उसळी घेऊन पलीकडे गिरक्या घालत उतरतो. फटींतून थोडा जाऊ दिला तर तो दमतो, आणि भिंतीच्या उंचीच्या पाच-सहा पट अंतरापर्यंत चांगला मंदावतो. चार फुटांच्या भिंतीमागे वीस-पंचवीस फूट शांत जागा म्हणजे कळपाला पुष्कळ झाली. भिंतीत ठिकठिकाणी लोखंडी कड्या बसवल्या, त्यांना वाड्याने आपलंच पाल किंवा ताडपत्री बांधावी. भिंत जागेची, छप्पर त्यांचं.

तोंडी परीक्षेला एका परीक्षकांनी सगळे नकाशे पाहिले आणि विचारलं, “यात बिल्डिंग कुठे आहे?” मी म्हटलं, “सर, बिल्डिंग नाही.” त्यांनी चष्मा काढून पुसला. आमच्या वर्गात त्या वर्षी दोन विमानतळ, एक क्रिकेट स्टेडियम आणि तीन संग्रहालयं होती. मला पास व्हायला पुरतील एवढे गुण मिळाले, आणि ते दिल्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. पण तो प्रश्न मला मान्य नव्हता, आजही नाही.

कारण आपल्याकडे मुक्कामाची जागा ही वास्तुकला मानण्याची जुनी रीत आहे. अहिल्याबाई होळकरांचं उदाहरण घ्या. जन्म १७२५ चा, नगर जिल्ह्यातल्या चौंडीचा, धनगर घरातला. (त्या जिल्ह्याला आता त्यांचंच नाव आहे.) त्यांनी देशभर जी कामं केली, त्यांत देवळं आहेतच, पण बारवा, घाट, विहिरी, धर्मशाळा किती आहेत ते पाहा. सगळी वाटेवरच्या माणसाची सोय. कळपामागे चालणाऱ्या समाजातून आलेल्या बाईला वाटसरूला काय लागतं ते ठाऊक असणार, असं मला आपलं वाटतं. याला पुरावा नाही, पण कुठलीही बारव उतरताना माझ्या मनात हेच येतं.

दुसरं उदाहरण दरवर्षी आषाढात आपल्यासमोरून जातं. आळंदीहून माउलींची पालखी निघते, तिचे मुक्काम ठरलेले : लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर. प्रत्येक ठिकाणी पालखी तळ. लाखो माणसं एका रात्रीत येतात आणि सकाळी निघून जातात. त्यासाठी जागा राखली जाते, पाण्याची, उजेडाची सोय होते. म्हणजे चालत्या वस्तीसाठी मोकळी जागा मोकळीच ठेवायची, हे शास्त्र आपल्या प्रशासनाला नवं नाही. याच मुलखातून मेंढरांच्या वाटा जातात. त्यांच्यासाठी तळ राखावा असं म्हटलं की मात्र कपाळाला आठ्या पडतात. दोन्ही चालणारेच. एक भक्तीने चालतो, एक पोटासाठी.

आता झोळीविषयी. ती मला बायकांनी करायला लावली. नुकती जन्मलेली कोकरं चालू शकत नाहीत. ती घोड्यावर लादतात, बहुधा पोत्यात, तोंड तेवढं बाहेर. उन्हात पोतं तापतं, कोकरू मलूल होतं. एका बाईने स्पष्ट सांगितलं, “ताई, भिंती नंतर बांदा, आदी ह्ये बगा.” मी एका बुरुडाकडे बसून बांबूच्या कामट्यांचा सांगाडा केला, त्यावर तंबूचं जाड कापड आणि दोन्ही बाजूंना जाळी. घोड्याच्या दोन्ही अंगांना सारखं वजन पडेल अशा दोन झोळ्या, मुक्कामावर सोडून जोडल्या की कोकरांचा छोटा कोंडवाडा. तळाला मोकळी वीण, ओल खाली जावी म्हणून. पहिली झोळी आठ दिवसांत घोड्याने काटेरी बाभळीला घासून फाडली. तिथल्याच एका बाईने ती जुन्या टायरच्या रबराचं ठिगळ लावून शिवली. मी पुढच्या सगळ्या झोळ्यांना तेच रबर आधीपासून लावलं.

आणि शेवटी घर. माण तालुक्यातल्या एका कुटुंबाला घरकुलाचं अनुदान मिळालं होतं. सरकारी घरकुलं कशी आखली जातात हे सांगायला हवं. विमुक्त आणि भटक्या जमातींसाठी राज्य शासनाने २०११ साली यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना आणली. तिच्या मूळ कल्पनेत प्रत्येक कुटुंबाला ५ गुंठे जमीन आणि तीवर २६९ चौरस फुटांचं घर होतं. चर्चा नेहमी त्या २६९ फुटांवर होते, केवढंसं ते घर म्हणून. मला त्यातले ५ गुंठे महत्त्वाचे वाटतात. ५ गुंठे म्हणजे ५,४४५ चौरस फूट. मेंढपाळाच्या घराचा मुख्य भाग तोच. मी नकाशा काढला त्या घरातल्या कर्त्याचंही म्हणणं होतं, घर बारकं असलं तरी चालेल, अंगण मोठं पाहिजे. घरी कायम राहणार ती म्हातारी आणि शाळेत जाणारी दोन नातवंडं. बाकीचे आखाडात येणार, तेव्हा अंगणात कळप बसणार, लोकर कातरली जाणार, धान्य भरून ठेवायचं असणार. म्हणून खोली एकच, पण तिला दोन दारं : एक रस्त्याकडे, एक अंगणाकडे. अंगणाच्या बाजूला लांब ओटा, आणि कुटुंब बाहेर असताना त्यांचं सामान राहील अशी कुलपाची एक बळद.

म्हातारीला माळवदी घर हवं होतं, तिच्या माहेरासारखं. दगडाच्या रुंद भिंती, वर लाकडं आणि त्यावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात असं घर थंडगार राहतं, यात शंका नाही. परंपरेवर प्रेम करणारे आम्ही आर्किटेक्टही अशा घराच्या फार प्रेमात असतो. पण ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात आठ हजारांच्या आसपास माणसं गेली, ती याच घरांखाली. दोन बाजूंना दगडाची तोंडं, मध्ये भर, त्यांना जोडणारा आरपार दगड नाही, आणि डोक्यावर कित्येक टन माती. उलट कच्छमधले भुंगे, गोल भिंतीचे आणि हलक्या शाकारणीचे, २००१च्या भूकंपात पुष्कळ ठिकाणी उभे राहिले. तेही पारंपरिकच. तेव्हा परंपरा म्हणून डोळे मिटून काही घ्यावं, असं मला वाटत नाही. ती तपासून घ्यायची असते, जशी ती आजी टाचेने जमीन तपासत होती.

म्हातारीची समजूत काढायला तीन चकरा पडल्या. शेवटी भिंती दगडाच्याच केल्या, पण आरपार जाणारे लांब दगड घालून आणि वर सिमेंट-काँक्रीटचा पट्टा फिरवून. छप्पर पत्र्याचं, त्याखाली बांबूची तट्टी, तिला मातीचा पातळ गिलावा, म्हणजे पत्रा तापत नाही आणि पावसात बोलणं ऐकू येतं. ती अजून म्हणते, माळवदाची सर नाही. खरं आहे, नाही. रात्री मात्र ती ओट्यावरच झोपते, घोंगडी घेऊन.

साखळीतल्या मुक्कामांपैकी एकच प्रत्यक्षात आला आहे, एका गावाच्या गायरानात. पैसे एका छोट्या अभ्यासवृत्तीतून उरले होते, दगड गावच्या खाणीतला आणि मजुरी अर्धी गावाची. औषधाची चर झालीच नाही. हौद आणि भिंती मात्र आहेत. पहिल्या वर्षी दोन वाडे दोन-दोन रात्री राहिले. त्यानंतर हौदावर बीडकडच्या ऊसतोड कामगारांचे बैल यायला लागले. त्यांच्या कोप्या जवळच पडतात. भिंतीच्या एका कोपऱ्यात गावातली पोरं क्रिकेटचा स्टंप आखतात. मला यात काही वावगं दिसत नाही. तळ म्हटला की तो सगळ्यांचा.

अडचण वेगळीच आली आहे. ग्रामपंचायतीत दोन प्रस्ताव आहेत. एक सुशोभीकरणाचा : पेव्हर ब्लॉक, कमान आणि भिंतींवर पत्र्याची शेड. दुसरा, हौदाच्या नळाला कुलूप घालून किल्ली एकाकडे ठेवण्याचा, पाणी वाया जातं म्हणून. कमानीचं मी फार मनावर घेतलेलं नाही, निधी मिळेल तेव्हा ती होईल. शेडला माझा विरोध आहे, कारण छप्पर आलं की तिथे पहिल्यांदा कुणाचं तरी खत आणि कडबा ठेवला जाईल आणि मग ती जागा त्याची होईल. आणि किल्लीला तर विरोध आहेच. वाडा रात्री आठला पोचतो. तेव्हा किल्लीवाला जेवायला बसलेला असतो, नाहीतर फलटणला गेलेला असतो. सरपंचबाईंना मी नळाऐवजी तरंगत्या गोळ्याचा व्हॉल्व्ह सुचवला आहे. हौद भरला की पाणी आपोआप बंद. बाजारात सहज मिळतो आणि कुलपाच्या भांडणापेक्षा स्वस्त पडतो. त्या म्हणाल्या, सभेत येऊन सांगा. पुढची ग्रामसभा दिवाळीच्या आधी आहे, आणि वाडे त्यानंतर आठ-पंधरा दिवसांत त्या बाजूला येतात. व्हॉल्व्ह मी घेऊनच जाणार आहे.